हात वर, नाव गायब

कॅनडातल्या टोरांटो शहरात कुठल्या नगरसेवकानं कुठल्या ठरावावर काय मत दिलं, याची यादी नगरपालिकाच लोकांपुढं ठेवते. होकार कुणाचा, नकार कुणाचा, मतदानाच्या वेळी सभागृहात कोण नव्हतं, सगळं. इंग्लंडात २०१४ पासून नियमच आहे, की अंदाजपत्रकावर मत घेताना प्रत्येकाचं नाव लिहायचं. हे वाचून मला त्या लोकांची दया आली. एवढी सुधारलेली माणसं, पण 'सर्वानुमते' लिहायला त्यांना कुणी शिकवलंच नाही.

आमच्या माकणीला नगरसेवक नाही. तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, गावाला ग्रामपंचायत, त्यामुळं आमच्या वाट्याला येतो तो सदस्य. नगरसेवक बघायचा तर लोहाऱ्याच्या नगरपंचायतीत जायचं, नाहीतर उमरगा-मुरूमची नगरपालिका गाठायची. पण सदस्य काय, नगरसेवक काय, निवडून आल्यावर दोघंही एका विद्येत तरबेज होतात. मत देतात आणि ते कुठंच सापडत नाही.

पटत नसेल तर ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक एकदा डोळ्यांखालून घाला. कुठल्या गावचं ते विचारू नका, कुठलंही चालतं. जाड पुठ्ठ्याचं, लांबट, आखीव पानांचं रजिस्टर. वर तारीख, वेळ, अध्यक्षस्थानी कोण ते. खाली हजर सदस्यांच्या सह्या. एखादी ओळीच्या वर चढलेली, एखादी खाली घसरलेली. दोन-तीन ताईंच्या सह्या एकाच पेनाच्या आणि एकाच वळणाच्या, कारण सभेला त्यांचे मालक बसलेले होते. मग विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. चर्चेअंती सर्वानुमते कायम. विषय क्रमांक २, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. सर्वानुमते. विषय क्रमांक ३, वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा. तोही सर्वानुमते. प्रत्येक ठरावाखाली सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ज्या दोघांनी नालीच्या उतारावरून भर सभेत एकमेकांची गचांडी धरली होती, तेच दोघं नालीच्या ठरावाचे सूचक आणि अनुमोदक. एका ठरावात आणि दुसऱ्यात दोन बोटं कोरी जागा. ती कशासाठी, असं नवखा विचारतो. जुना माणूस विचारत नाही.

कायदा आपल्या परीनं सरळच आहे. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम सांगतो, की दर महिन्याला सभा बोलवा. पुरेशा कारणाशिवाय चुकवली, तर सरपंचाच्या पदावर येतं. सदस्यानं परवानगी न काढता सलग सहा महिने सभेला दांडी मारली, तर त्याचंही पद जातं. सभा व्हाव्यात म्हणून ही कलमं घातली. झालं असं, की सभेचा कागद न चुकता व्हायला लागला. सह्यांसाठी रजिस्टर घरपोच फिरतं. माणूस शेतात असो, लातूरला दवाखान्यात असो की पुण्याला लेकाकडं, कागदावर तो हजर असतो आणि कागदावर त्याचं एकमत असतं. ग्रामसेवकाचं २०२४ साली 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं. हुद्दा बदलला, रजिस्टर तेच आहे.

आणि या सगळ्यात मानाचं पान 'ऐनवेळच्या विषयां'ना. नोटिशीवर जे विषय छापून येतात, ते वाचायला. खरे विषय येतात 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने', शेवटी, चहा पिऊन झाल्यावर. कुठली जागा कुणाला भाड्यानं, कुठलं काम कुणाला, कुठल्या पत्राला ना-हरकत. नोटिशीवर नसल्यामुळं ज्यानं विरोध केला असता, तो तयारीनं आलेला नसतो. आला असला, तर एव्हाना उठून गेलेला असतो.

ग्रामसभेचं वेगळं. तिथं मालक आपण. गणपूर्तीला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा लहान असेल तो पुरतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. हे कलम ज्यानं लिहिलं त्यानं गाव ओळखलं होतं. पहिल्या सभेला लोक जमू नयेत, एवढंच बघायचं. दुसऱ्या सभेला पार मोकळा. जे पाचजण येतात, तेच गाव आणि त्यांचं तेच सर्वानुमत. यात दोष एकट्या सरपंचाचा कसा धरायचा? १ मेच्या ग्रामसभेला आपण ऊन फार म्हणून जात नाही, १५ ऑगस्टला फवारण्या म्हणून, २ ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी म्हणून. २६ जानेवारीला मात्र जातो. त्या दिवशी जिलेबी असते.

एका माजी सदस्याला मी विचारलं. गावाचं नाव सांगत नाही, पाहुणा लागतो.

'तात्या, पाच वर्षांत कधी विरोधात हात वर केला का?'

'केलता की. एकदा. सिमेंट रस्त्याच्या टायमाला.'

'मग?'

'मग काय, वहीत आलं सर्वानुमते. इच्यारलं, तर म्हणले, तात्या, तुमचा हात वर हुता, आमी बाजूनं धरला.'

'नावानिशी विरोध लिहून घ्या म्हणायचं की.'

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, शहाण्यानं खुळ्याकडं बघावं तसं. 'आन् फुडल्या साली आपलं पॅनल आल्यावर? रस्ता तर आमालाबी करायचा हुता. तेच पान काढून आमच्या म्होरं धरलं असतं. लिवल्यालं जात न्हाई बाबा, बोलल्यालं जातंय.'

सगळा विषय तात्यांनी दोन वाक्यांत संपवला. सत्तेतले लोक मत लपवतात, हे आपण धरूनच चालतो. विरोधातलेही लपवतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. नोंद झाली, की ती उद्या त्यालाही बांधते. आज रस्त्याला विरोध आणि उद्या त्याच रस्त्याचा नारळ फोडायला पुढं, हे जमायचं तर आजच्या पानावर नाव नसलेलं बरं. 'सर्वानुमते' ही दोन्ही पॅनलनी मिळून काढलेली विमा पॉलिसी आहे. हप्ता आपण भरतो, घरपट्टीतून.

गावात पक्ष नसतो, पॅनल असतं. ग्रामविकास, परिवर्तन, झालंच तर कुठल्या तरी देवाच्या नावाचं. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर नसल्यामुळं भूमिका असण्याचं बंधन नाही. निकालाच्या संध्याकाळी दोन-तीन पक्ष एकाच सरपंचावर आपली मोहोर उठवतात, आणि सरपंच सगळ्यांचा गुलाल लावून घेतात. बिनविरोध झालं तर विचारायलाच नको. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात २०२० च्या डिसेंबरात सरपंचपदाची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली होती. निवडणूक आयोगानं पुढच्याच महिन्यात तिथली निवडणूक रद्द केली, नाहीतर गावाच्या एकीचं ते राज्यात गाजलेलं उदाहरण झालं असतं.

मग मत मोजलं जातं कधी? खुर्ची ठरायची असते तेव्हा. सभापती, उपसरपंच, उपनगराध्यक्ष, अविश्वास ठराव. त्या दिवशी एकेक हात असा मोजतात, जसं सराफ वाल मोजतो. त्याआधी आठ-दहा दिवस सदस्य 'सहली'ला गेलेले असतात. कुठं गेलेत, कुणाच्या गाडीतून गेले, फोन कुणी काढून घेतले, हे अख्ख्या गावाला पाठ असतं. नालीच्या ठरावावर कोण कुठं उभं राहिलं, हे मात्र त्याच गावाला सांगता येत नाही.

याचा मोठा प्रयोग आमच्या जिल्ह्यानं २०२२ च्या जूनमध्ये जवळून बघितला. शिवसेनेचे तिघं आमदार. परंड्याचे तानाजी सावंत आणि उमरगा-लोहाऱ्याचे तेव्हाचे ज्ञानराज चौगुले एकनाथ शिंद्यांबरोबर बंडात गेले. धाराशिवचे कैलास पाटील मात्र सुरतेच्या वाटेवरून माघारी फिरले. त्यांनीच सांगितल्याप्रमाणं, गाडीतून उतरून पावसात काही किलोमीटर चालत, मग कुणाच्या मोटारसायकलीवर, मग ट्रकमध्ये बसून मुंबईला. ४ जुलैला सभागृहात विश्वासमताला शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९. पण धाराशिवकरांना शिरगणती लागलीच नाही. बंडवाल्यांच्या झाडी-डोंगराकडं कोण गेलं आणि ट्रकमधून कोण आलं, एवढ्यावर भूमिका कळली. २०२४ ला मतदारांनी आपापला हिशेब केला. पाटील पुन्हा आले, सावंत आले, चौगुले थोडक्यात पडले आणि उमरग्यातून प्रवीण स्वामी गेले. हिशेब बरोबर की चूक, ते बाजूला ठेवू. नोंद होती म्हणून हिशेब करता आला.

उलटा दाखलाही त्याच विधानभवनातला. १२ नोव्हेंबर २०१४ ला देवेंद्र फडणवीस सरकारनं विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं जिंकला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले, अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांना 'होय'चा आवाज मोठा ऐकू आला. कुठल्या आमदाराचा गळा त्यात होता आणि कुणाचा नव्हता, हे आता कुठल्याच वहीत सापडणार नाही. रजिस्टर फक्त ग्रामपंचायतीचंच लांबट असतं, असं समजू नका. आणि याच सभागृहानं सरपंच थेट जनतेतून निवडायला २०१७ ला होकार दिला, २०२० ला नकार दिला, २०२२ ला पुन्हा होकार दिला. आम्हाला कुणी एकदाही विचारलं नाही.

शहरांकडं वळू. आमच्या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा अशा ८ नगरपालिका. मुदत संपल्यावर साधारण चार वर्षं तिथं प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ ला कान पिळला, तेव्हा कुठं २ डिसेंबरला मतदान आणि २१ डिसेंबरला निकाल. मधल्या काळात नगरसेवकाचं मत शोधण्याचा त्रासच उरला नव्हता. प्रस्ताव प्रशासकाकडूनच येणार, सर्वसाधारण सभाही प्रशासकच, मंजुरीही त्याचीच. सर्वानुमत म्हणतात ते याला. एका माणसात दुमत होत नाही, झालंच तर तो रजा टाकतो.

आता नगरसेवक आलेत, आणि त्यांच्याबरोबर पक्षही. इथं तरी भूमिका असायला हवी. कायदाही कडक आहे. १९८६ च्या अनर्हता कायद्याप्रमाणं व्हिप मोडून मत दिलं, तर नगरसेवकपद जाऊ शकतं. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढं चालतं. म्हणून निकाल लागला, की पहिलं काम गटनोंदणी, गटनेता आणि व्हिप कुणाचा. पाणीपट्टीवर कधी व्हिप निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. व्हिप उपाध्यक्ष-सभापतीसाठी. आणि तोही किती दिवस पुरतो, ते अंबरनाथला विचारा. २०२६ च्या जानेवारीत तिथल्या काँग्रेसच्या नगरसेवकांनी भाजपशी आघाडी केली, पक्षानं १२ जणांना निलंबित केलं, तर ते भाजपमध्येच गेले. व्हिपच्या पुढं धावलं की व्हिप गाठत नाही.

मुंबईत 'प्रजा फाउंडेशन' नावाची संस्था बरीच वर्षं नगरसेवकांचं प्रगतिपुस्तक काढते. हजेरी किती, प्रश्न किती विचारले, कसे विचारले, गुन्हे किती, लोकांचं मत काय. मेहनतीचं काम आहे. पण त्या पुस्तकात हजेरी आहे, प्रश्न आहेत, मत नाही. मतं बहुतेक वेळा नावानिशी पडतच नाहीत, तर संस्था तरी कुठून आणणार? प्रश्नांतही त्यांना एक गंमत सापडली. नगरसेवकांनी हिरिरीनं विचारलेल्या प्रश्नांत रस्त्यांची आणि चौकांची नावं बदलण्याचे प्रश्न वर्षानुवर्षं आघाडीवर. रस्ता खचला तरी चालेल, नाव मजबूत पाहिजे. आमच्या जिल्ह्यानं तर स्वतःचंच नाव बदलून घेतलं, तेव्हा मुंबईला हसायचा अधिकार मला नाही.

भूमिका स्पष्ट सांगणारं मतदान या राज्यात होत नाही, असं नाही. दारूबंदीचं होतं. एक उभी बाटली, एक आडवी बाटली. गावातल्या बाया रांगेत उभ्या राहतात आणि निम्म्याहून जास्त जणींनी आडवी केली, की दुकान बंद. तिथं 'चर्चेअंती' नाही, सूचक-अनुमोदक नाही, ऐनवेळचा विषय नाही. शिकल्या-सवरल्या सभागृहांना जे जमत नाही, ते अंगठा उठवणाऱ्या म्हातारीला जमतं. तिच्या मताची मोजणी होते, बाटल्या मोजून.

माकणीपुरतं बोलायचं तर आमच्याकडं मोजायला पाणी आहे. तेरणेवरचं निम्न तेरणा धरण आमच्या गावाला. लोक त्याला माकणीचं धरण म्हणतात. १९९३ च्या भूकंपानंतर या धरणाच्या पाण्याच्या दाबामुळं जमीन हलली का, यावर शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं वाद घातला. त्यांचे लेख छापील आहेत. कोण काय म्हणालं, ते नावानिशी आजही वाचता येतं. त्याच धरणाचं पाणी लातूर जिल्ह्यात औसा-निलंग्याच्या नळांना जातं. जावं, पाण्याला जिल्हा नसतो. पण कुणाला किती, शेतीला किती, पिण्याला किती, कालवा कधी सुटणार, हे ज्या बैठकांत ठरतं तिथं आमच्या भागातला माणूस काय बोलला? बाहेर आल्यावर प्रत्येकजण सांगतो, 'मी कडाडून विरोध केला.' इतक्यांनी कडाडून विरोध केला आणि ठराव सर्वानुमते झाला. शास्त्रज्ञांना भूकंपाचा माग काढता येतो. आम्हाला एका हाताचा काढता येत नाही.

आता सोय आहे का? आहे. नगरपालिकांच्या १९६५ च्या कायद्यात, एखाद्या नगरसेवकानं मागणी केली, तर ठरावाच्या बाजूनं कोण आणि विरोधात कोण, त्यांची नावं इतिवृत्तात लिहायची तरतूद आहे. मागायला एकच नगरसेवक लागतो. ग्रामपंचायतीतही 'माझा विरोध लिहा' म्हणायला कुणी तोंड धरलेलं नाही. उलट त्यात सदस्याचाच फायदा. पंचायतीच्या पैशाचा गैरवापर निघाला, तर त्यात सामील असलेल्या सदस्याकडून वसुली होऊ शकते, आणि त्या दिवशी 'सर्वानुमते'तला प्रत्येकजण सामील धरला जाऊ शकतो. तात्या म्हणतात तसं लिहिलेलं जात नाही, हे खरं. पण न लिहिलेलं अंगावर येतं, हे तात्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आणि आपल्यासाठीही सोय आहे. माहिती अधिकाराचा 'अ' नमुन्यातला अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. तेवढी वाट बघायची नसेल, तर २०१८ च्या नोव्हेंबरात सरकारनंच आदेश काढलाय, की जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघू द्यायची. पुणे महापालिकेत ही रीत आधीपासून होती, तीच राज्याला लावली. आदेशाची एक प्रत खिशात ठेवा. 'साहेब मिटिंगला गेलेत' हे उत्तर मिळेल, तेव्हा उपयोगी पडते.

तेव्हा लोहाऱ्याचे, उमरग्याचे, मुरूमचे जे कुणी वाचत असतील त्यांनी येत्या सोमवारी तीनला जावं आणि शेवटच्या सहा सभांचं रजिस्टर मागावं. 'सर्वानुमते' किती वेळा आलंय ते मोजावं, आणि आपल्या वॉर्डातल्या माणसाला फोन करून प्रत्येक ठरावाला विचारावं, की तुम्ही कुठल्या बाजूला होता. सदस्यांना आणि नगरसेवकांना एवढंच सांगणं: विरोधात असाल, तर 'माझा विरोध नावानिशी लिहा' म्हणा, आणि ती ओळ लिहून होईपर्यंत सही करू नका.